बंधारा पोखरतो तो खालच्या अंगानं

गेल्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या एका गावी बंधारा बघायला गेलो होतो. खालच्या अंगाला, पायाशी, माणूस वाकून आत जाईल एवढं भगदाड. सोबतचे काका म्हणाले, "ठेकेदारानं सिमेंट खाल्लं, दुसरं काय!"

खाल्लंही असेल. पण चोख सिमेंटचा बंधाराही पुष्कळदा इथूनच जातो. आपल्याला वाटतं, अडलेलं पाणी त्याला मागून रेटतं. रेटतंच, पण पाया उकरतं ते सांडव्यावरून पडून उलटं फिरलेलं पाणी.

3 मीटरवरून पडलेलं पाणी खाली पोचतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साधारण 7.7 मीटर असतो. नदी सेकंदाला 1 मीटर वाहत असेल, तर तेवढ्याच पाण्यातली गतिज ऊर्जा जवळपास 60 पट झाली. वेग नुसता दुप्पट झाला, तरी ढोबळमानानं 64 पट वजनाचा गोटा जागचा हलतो. म्हणजे वाळू-मुरूम पहिल्याच पुरात गेला.

आता खरी गंमत. धार तळावर आदळली की दुभंगते. एक भाग पुढे जातो, दुसरा मागे वळून बंधाऱ्याच्या पायाकडे येतो आणि तिथेच गरगरत राहतो. एखादा ओंडका त्यात सापडला तर तासन्‌तास गटांगळ्या खातो. अशा डोहात 'आसरा (पाण्यातल्या देवता) माणूस ओढतात' म्हणतात. ओढतं ते हे उलटं पाणी. नारळ सोडल्यानं ते थांबत नाही. पोहता येणाऱ्यानंही तिथे उतरू नये.

पण नाशिकचा काळा पाषाण कसा फुटतो? लाव्हा थंडावताना त्यात भेगा पडल्या. धारेच्या माऱ्यानं भेगेत पाणी घुसतं आणि दाब आतपर्यंत पोचतो. मारा क्षणभर सरकला की वरचा दाब उतरतो, भेगेतला मात्र अजून तसाच. दगडाची लादी खालून उचलली जाते. हे पूरभर चालतं. एक दिवस लादी सुटते.

खड्डा खोल झाला की धार पाण्यातच पसरून मंदावते, तळापर्यंत जोर पोचत नाही, आणि खोदाई थांबते. अभियंते हीच युक्ती मुद्दाम करतात. खाली छोटा दुय्यम बंधारा घालून पाण्याची गादी तयार ठेवतात, किंवा काँक्रीटच्या फरशीवर पाण्याला उसळी घ्यायला लावतात. उसळीआधीच्या पाण्याच्या वेगाला गुरुत्वत्वरण आणि त्या पाण्याची खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळानं भागलं की फ्रूड अंक मिळतो, म्हणजे खोलीच्या मानानं पाणी किती वेगात आहे ते कळतं. तो 5 असेल तर एका उसळीत जवळपास निम्मी ऊर्जा फेसात आणि भोवऱ्यांत जिरते.

आणखी एक उलटी गोष्ट. नाशिककर ज्याच्यावरून पूर मोजतात त्या गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला पाणी लागलं की सगळं नाशिक गोदाकाठी धावतं, पण बुटक्या बंधाऱ्याची खोदाई बहुधा तेव्हा होत नसते. इतक्या पुरात खालची पातळीही चढते, बंधारा बुडतो आणि पडायला उंचीच उरत नाही. पाया खातात ते मधले, कुणी बघायला न येणारे पूर.

निघताना भगदाडातून एक दगड उचलला. गावानं भर म्हणून आधीच्या वर्षी दोन ट्रॉल्या सुटा, कोनाकोनाचा दगड तिथे टाकला होता, असं काकांनी सांगितलं. हातातल्या दगडाच्या कडा पार गेल्या होत्या. भर म्हणून आलेला दगड वर्षभर पायाच घासत बसला होता.