इन्सुलिनची सवय लागत नाही
‘इन्सुलिन एकदा सुरू केले की जन्मभर सुटत नाही, म्हणून होईल तितके लांबवावे,’ हा समज इतका रुजला आहे की उपाशीपोटीची साखर २५० च्या वर जाऊनही अनेक जण काढ्यांवर महिने काढतात. वास्तविक इन्सुलिन हे स्वादुपिंडातच तयार होणारे संप्रेरक आहे. टाइप २ मधुमेहात वर्षे उलटतात तशी स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींची क्षमता घटते आणि ती उणीव बाहेरून भरावी लागते, यात पथ्य मोडल्याची शिक्षा कसली? गर्भारपणातील मधुमेहात सुरू केलेले इन्सुलिन बाळंतपणानंतर बहुधा बंदही होते. शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही अशा टाइप १ मधुमेहात मात्र ते कायम लागते. राहिली सुईची धास्ती: इन्सुलिन टोचण्याच्या पेनची सुई ४ मिलिमीटरचीही मिळते आणि ती पोटाच्या त्वचेखालील चरबीत, दर वेळी जागा थोडी बदलून, टोचायची असते.