न दिसणाऱ्या पेशीचा माग: वृषणातील स्टेम सेल संशोधनाची पार्श्वभूमी

सात-आठ वर्षांच्या मुलाला ल्युकेमिया झाल्याचे कळते, तेव्हा पुण्यातल्या कुठल्याही रुग्णालयात उपचारांची जी धावपळ सुरू होते तीत एक प्रश्न मागे पडतो: हा मुलगा मोठेपणी बाप होऊ शकेल का? मोठ्या माणसाचे वीर्य केमोआधी गोठवून ठेवता येते. या वयात मात्र शुक्राणू तयारच होत नाहीत. असतात त्या फक्त पुढे आयुष्यभर शुक्राणू घडवणार असलेल्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल. त्या काढून ठेवून पंधरा-वीस वर्षांनी परत बसवण्याची भाषा आज करता येते, ती दीर्घ संशोधनाच्या बळावर. या संशोधनाची मुख्य अडचण पहिल्यापासून एकच राहिली. ही पेशी सूक्ष्मदर्शकात पाहून खात्रीने ओळखता येत नाही, ती काय करून दाखवते यावरूनच ओळखावी लागते.

1865 मध्ये एन्रिको सेर्तोली यांनी वृषणातल्या नलिकांमधल्या आधार देणाऱ्या फांदीदार पेशींचे वर्णन केले. आज त्यांना सेर्तोली पेशीच म्हणतात. मूळ पेशींना जागा, अन्न आणि हुकूम देणाऱ्या याच. पुढचा धागा अनपेक्षित ठिकाणाहून आला, क्ष-किरणांकडून. 1906 मध्ये फ्रान्समध्ये बेर्गोनिए आणि त्रिबोंदो यांनी रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) वृषणावर किरण सोडून पाहिले. भराभर विभागणाऱ्या पेशी आधी मरतात, पक्व पेशी टिकतात, असे त्यांना दिसले. क्लोद रेगो यांनी मेंढ्यांवर काम केले. किरणांच्या एकाच मोठ्या मात्रेने मेंढा वांझ करायला गेले तर वृषणकोशाची कातडी भाजते. तीच मात्रा दिवसांवर विभागून दिली तर मेंढा वांझ होतो आणि कातडी वाचते. कर्करोगात रेडिएशन हप्त्याहप्त्याने देण्याच्या पद्धतीचे एक मूळ इथे आहे. आजच्या रुग्णाच्या वृषणाची काळजी आणि त्याचा उपचार असे एकाच प्रयोगमालेशी जोडलेले आहेत.

1950 च्या दशकात कॅनडात लब्लाँ आणि क्लेरमाँ यांनी नलिकेतल्या पेशींच्या मांडणीच्या ठरावीक पायऱ्या मोजल्या. त्या चक्राची लांबी प्राण्याप्राण्यात वेगळी: उंदरात सुमारे 8.6 दिवस, रॅटमध्ये 12.9, माणसात 16. मूळ पेशीपासून तयार शुक्राणूपर्यंत साधारण साडेचार चक्रे लागतात. माणसात हा हिशेब सुमारे 74 दिवसांचा होतो, वर अधिवृषणातून, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या ज्या नळीत शुक्राणू पक्व होतात तिच्यातून, प्रवासाचे काही दिवस. औषध सुरू केल्यावर वीर्यतपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगतात ती यासाठीच. महिन्याभरात तपासले तर औषध सुरू होण्याआधी घडायला लागलेले शुक्राणूच मोजले जातात आणि चांगला उपचार निरुपयोगी ठरवला जातो.

1971 मध्ये हकिन्स आणि ओकबर्ग यांनी स्वतंत्रपणे उंदीर-रॅटसाठी एक मांडणी केली. नलिकेच्या तळाशी एकट्या असणाऱ्या ‘ए-एकल’ पेशी याच मूळ पेशी. विभागणीनंतर तयार झालेल्या दोन्ही लेक-पेशी सुट्या झाल्या तर दोन्ही मूळ पेशी राहतात. त्या पेशीद्रवाच्या पुलाने जोडलेल्या राहिल्या तर जोडी बनते, मग 4, 8, 16 पेशींची साखळी, आणि त्या साखळीची वाट शुक्राणूकडे जाते. ही मांडणी सुबक आहे, पण ती आकारावर उभी होती. उंदराच्या एका वृषणात अशा एकल पेशी साधारण 35 हजार, म्हणजे जननपेशींच्या सुमारे 0.03 टक्के. त्यांतल्या खरोखर किती मूळ पेशीचे काम करतात, हे काचपट्टी सांगू शकत नव्हती.

ते 1994 मध्ये सांगता आले. पेनसिल्व्हेनियात राल्फ ब्रिन्स्टर यांच्या गटाने एका उंदराच्या वृषणातल्या पेशी वांझ केलेल्या दुसऱ्या उंदरात सोडल्या आणि त्यातून दात्याच्या जनुकांची पिल्ले जन्मली. आमच्या मते या विषयाचे आधी आणि नंतर असे दोन भाग पाडणारे वर्ष हेच. ही पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे. ग्राहक उंदराच्या स्वतःच्या मूळ पेशी मारण्यासाठी त्याला बुसल्फान हे औषध देतात, बऱ्याच वाणांत किलोमागे 40 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि चार ते सहा आठवडे थांबतात. मात्रा कमी पडली तर उंदराचे स्वतःचे शुक्राणू परत येतात आणि निकाल गढूळ होतो. जास्त झाली तर अस्थिमज्जेचे काम थांबते आणि प्राणी मरतो. दात्याचे वृषण आधी कोलॅजिनेज या विकरात (एन्झाइममध्ये) सैल करतात, मग ट्रिप्सिन या दुसऱ्या विकरात पेशी सुट्या करतात. फुटलेल्या पेशींतला डीएनए चिकट जाळे करतो आणि बारीक सुई तुंबते, म्हणून सोबत डीएनए तोडणारे डीएनेज हवेच. काचेच्या बारीक सुईने अपवाही नलिकेतून (वृषणातून शुक्राणू बाहेर नेणाऱ्या नळीतून) सुमारे 10 मायक्रोलिटर द्रव सोडतात. त्यात ट्रिपन ब्लू हा निळा रंग घातलेला असतो, त्यामुळे नलिका भरताना डोळ्यांना दिसतात. दाब जास्त झाला की द्रव नलिकांबाहेर झिरपतो आणि तो प्राणी बाद.

पुढचा आठवडा पेशी सेर्तोली पेशींमधून वाट काढत तळाच्या पडद्यापर्यंत पोहोचतात. महिनाभर तळावर पसरतात, आणि दोन-तीन महिन्यांत शुक्राणूंसह वसाहत उभी राहते. दात्यात लॅकझेड हे खूण म्हणून घातलेले जनुक असेल तर प्रत्येक वसाहत रंगवून मोजता येते. सोडलेल्या मूळ पेशींपैकी दहातली एखादीच घर करते. प्रौढ वृषणात सेर्तोली पेशींचे घट्ट जोड आडवे येतात हे त्याचे एक कारण. ते जोड तयार होण्याआधीच्या पिल्लांत यश वाढते.

1996 मध्ये त्याच प्रयोगशाळेने गोठवलेल्या पेशींपासून शुक्राणू मिळवले आणि रॅटच्या पेशींनी उंदराच्या वृषणात रॅटचे शुक्राणू घडवून दाखवले. त्यांच्या घडण्याची गती रॅटचीच राहिली, म्हणजे घड्याळ जननपेशीतच असते. पेशी वाढवण्याची किल्ली 2000 साली सापडली. सेर्तोली पेशी स्रवतात तो जीडीएनएफ हा घटक निम्मा झाला तर मूळ पेशी संपत जातात, फार झाला तर त्या पुढे जातच नाहीत आणि साठून राहतात. 2003 मध्ये जपानमध्ये शिनोहारा यांच्या गटाने या घटकाच्या आधाराने नवजात उंदराच्या पेशी पाच महिन्यांत एकावर 14 शून्ये इतक्या पटींनी वाढवल्या. परत बसवल्यावर त्यांनी शुक्राणू दिले. माणसाच्या पेशींच्या बाबतीत असे सर्वमान्य, पुन्हा पुन्हा करता येणारे कल्चर (बशीत पेशी वाढवण्याची पद्धत) अजून नाही. बशीत बरेचदा वृषणातल्या इतर पेशीच जोरात वाढतात आणि वाढ पाहून फसगत होते.

पुण्याच्या वाचकाला गोठवण्याची बाजू परकी वाटू नये. 1949 मध्ये ग्लिसरॉलने शुक्राणू गोठणीतून वाचतात हे कळले, आणि त्याच्याच जोरावर आज गावोगावी कृत्रिम रेतन चालते. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळी कांचनला उभी केलेली बाएफ ही संस्था याच कामासाठी ओळखली जाते. वीर्याची पाव मिलिलिटरची कांडी, उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन, वापरताना 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट. मात्र कांडीतला शुक्राणू एकदा वापरला की संपतो. मूळ पेशी बसली तर वळू जगेल तोवर उत्पादन चालू राहते. 2020 मध्ये नॅनोस-2 हे जनुक बंद केलेल्या, स्वतःचे शुक्राणू नसलेल्या डुकरांत आणि बोकडांत दात्याच्या मूळ पेशींनी शुक्राणू तयार केल्याचे दाखवले गेले. खिलारसारख्या वाणाचा उत्तम वळू गेला तरी त्याची निर्मिती दुसऱ्यात चालू ठेवण्याची ही वाट आहे. गाई-म्हशींत ती गोठ्यापर्यंत यायला बरेच काम बाकी आहे.

माणसाच्या सर्वांत जवळचा पुरावा माकडांचा. 2012 मध्ये ऱ्हीसस माकडांत पेशी परत सोडून शुक्राणू मिळाले. 2019 मध्ये अमेरिकेतील संशोधक ऑरविग यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या कामात वयात न आलेल्या माकडाच्या वृषणाचे गोठवलेले तुकडे त्याच्याच कातडीखाली बसवले, त्यांतले शुक्राणू वापरले आणि एक निरोगी मादी पिल्लू जन्मले.

ल्युकेमियाच्या मुलासाठी तुकडे परत बसवणे मात्र धोक्याचे आहे. 2001 मध्ये रॅटवरील प्रयोगात अवघ्या 20 ल्युकेमिया पेशी वृषणात सोडल्यावरही रोग झाला. म्हणून अशा मुलाच्या ऊतीचा पुढे उपयोग करायचा तर आधी कर्करोगाच्या पेशी पूर्ण वेगळ्या काढाव्या लागतील, किंवा शुक्राणू शरीराबाहेरच घडवावे लागतील. योकोहामात 2011 मध्ये नवजात उंदरांच्या वृषणाचे तुकडे ॲगरोज या जेलीसारख्या पदार्थावर ठेवून तसे शुक्राणू मिळाले आणि त्यांतून पिल्लेही झाली. माणसाच्या ऊतीत ते अजून नेमाने साधलेले नाही.

ऊती ठेवायची असेल तर ती शक्यतो केमोच्या पहिल्या डोसाआधी काढावी, कारण सायक्लोफॉस्फमाइड आणि बुसल्फानसारखी औषधे मूळ पेशींनाच मारतात. तुकडे काही घन मिलिमीटरचेच हवेत. मोठ्या तुकड्याच्या गाभ्यापर्यंत गोठणरक्षक द्रव वेळेत पोहोचत नाही आणि आतल्या पेशी बर्फाने फुटतात. एक तुकडा पॅथॉलॉजीला जातो, बाकीचे निरनिराळ्या कुप्यांत ठेवतात, म्हणजे पुढे एक पद्धत फसली तर दुसरीसाठी ऊती शिल्लक राहते.