दंतपोर्सेलिनच्या दुरुस्तीतील पृष्ठसंस्करण

दातावरच्या पोर्सेलिनच्या कॅपचा किंवा ब्रिजचा टवका उडाला, तर ती न काढता तोंडातल्या तोंडात कॉम्पोझिट रेझिनने (दाताच्या रंगाच्या भरण-पदार्थाने) तुटका भाग भरून काढता येतो. रेझिन मात्र गुळगुळीत पोर्सेलिनला आपणहून धरत नाही. ते धरावे म्हणून तुटलेल्या जागेवर आधी ज्या क्रिया करतात, त्यांना पृष्ठसंस्करण म्हणतात. दुरुस्ती टिकणे बव्हंशी याच काही मिनिटांच्या कामावर असते, भरलेल्या रेझिनच्या सुबकपणावर नव्हे.

पहिला प्रश्न असतो तो तुटलेल्या जागी नेमके काय उघडे पडले आहे, हा. फक्त पोर्सेलिन दिसत असेल तर हायड्रोफ्लुओरिक आम्लाचा जेल सर्वांत परिणामकारक. फेल्डस्पारयुक्त पोर्सेलिनवर साधारण 9 ते 10 टक्के तीव्रतेचा जेल एक-दोन मिनिटे ठेवतात. आम्ल त्यातला काचेचा भाग विरघळवते, स्फटिक बरेचसे शाबूत राहतात आणि मध्ये असंख्य सूक्ष्म खाचा पडतात. धुऊन वाळवल्यावर चकाकी गेलेली, पांढुरकी जागा दिसते. लिथियम डायसिलिकेट या काचमिश्रित सिरॅमिकला 5 टक्क्यांचा जेल 20 सेकंद पुरतो. जास्त वेळ ठेवल्यास पदार्थच कमकुवत होऊ शकतो. दाताच्या एनॅमलसाठी 1955 पासून माहीत असलेले फॉस्फोरिक आम्ल पोर्सेलिनला खाचा पाडत नाही. आम्लक्रियेनंतर उरलेले क्षार साफ करायला मात्र ते उपयोगी पडते.

त्यानंतर सिलेन लावतात. त्याच्या रेणूचे एक टोक पोर्सेलिनमधल्या सिलिकाशी आणि दुसरे रेझिनशी रासायनिक बंध जोडते. सिलेन वगळून केवळ खाचांवर विसंबणे ही खोटी काटकसर आहे.

पोर्सेलिनखालचा धातू उघडा पडला असेल तर आम्लाचा उपयोग नाही. तिथे 50 मायक्रॉन ॲल्युमिनाच्या कणांचा मारा करतात, किंवा सिलिकाचा लेप असलेले 30 मायक्रॉनचे कण वापरतात. हे कण आदळताना सिलिकाचा थर मागे ठेवतात, म्हणून त्यावर सिलेन काम करू शकते. धातूचा करडेपणा झाकायला वर अपारदर्शक रेझिनचा पातळ थर द्यावा लागतो. झिरकोनिया या कणखर सिरॅमिकमध्येही काचेचा भाग नसल्याने कणांचा मारा आणि फॉस्फेट गट असलेला एमडीपी प्रायमर (रेझिन धरावे म्हणून आधी लावायचा द्रव) हाच मार्ग.

हायड्रोफ्लुओरिक आम्ल ऊतींत खोल शिरून कॅल्शियम बांधून घेते, आणि वेदना कधीकधी उशिरा सुरू होते. त्यामुळे रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवलेला रबरी पडदा, लावल्याशिवाय ते तोंडात वापरू नये आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असावा. हा धोका टाळण्यासाठी काही जण 1.23 टक्के आम्लीकृत फॉस्फेट फ्लोराइड जेल लावतात. पण त्याने पडणाऱ्या खाचा उथळ असतात.

रबर डॅमचे दुसरे काम म्हणजे लाळ अडवणे. तयार पृष्ठभागाला ती लागली तर साफसफाई करून सिलेन पुन्हा लावावे लागते. शेवटी चावा कागदाने तपासतात. उंच चावा किंवा रात्री दात खाण्याची सवय हे तुटण्याचे कारण असेल आणि ते तसेच राहिले, तर उत्तम संस्करण केलेली दुरुस्तीही पुन्हा निघते.