डीएपी वाहून जात नाही, अडकून बसतं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पेरणीच्या तोंडावर डीएपीबद्दल, म्हणजे फॉस्फरससाठी टाकायच्या डायअमोनियम फॉस्फेट खताबद्दल, एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘आमच्याकडं पाऊस एवढा, डीएपी टिकतंय कुठं? सगळं वाहून मलप्रभेत जातंय.’ मग उपाय म्हणून एकाच्या जागी दोन पोती. युरियाबद्दल कुणी असं म्हणालं तर मी मान डोलावेन. त्यातला नायट्रोजन नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खरंच निघून जातो. फॉस्फरसचं मात्र नेमकं उलटं आहे. उतारावरची मातीच धुपून गेली तर तिच्या कणांबरोबर तोही जाईल, पण एरवी पावसात विरघळून जाणाऱ्यांतला तो नाही. टाकलेल्या खतातला जेमतेम दहा ते पंचवीस टक्के फॉस्फरस पहिल्या पिकाला मिळतो. बाकीचा शेतातच असतो आणि तरीही पिकाला मिळत नाही.

फॉस्फरस सापडला तो सोन्याच्या नादात. 1669 साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांट या किमयागाराने ढिगाने लघवी आटवली, उरलेला गाळ कडक तापवला आणि अंधारात चमकणारा मेणासारखा पदार्थ हाती आला. हा पांढरा फॉस्फरस. त्याच्या रेणूत चार अणू एकमेकांना इतक्या अवघडलेल्या कोनात धरून असतात की ऑक्सिजन भेटायचा अवकाश, ते सुटतात. दमट हवेत साधारण 30 अंशांना तो आपोआप पेटतो, म्हणजे बेळगावच्या एप्रिलमधल्या दुपारी काडीही ओढायला नको. म्हणून तो पाण्याखाली ठेवतात. काड्यांच्या कारखान्यांत त्याच्या वाफेने कामगारांचे जबडे सडायचे. त्यामुळे 1906 च्या बर्न करारात सही करणाऱ्या देशांनी अशा काड्यांवर बंदी घातली. आज काडेपेटीच्या कडेला असतो तो गरीब स्वभावाचा तांबडा फॉस्फरस.

इथं एक गोष्ट बोलून घेतो. ‘स्मशानात दिसणारे दिवे म्हणजे भूत नव्हे, हाडांतला फॉस्फरस जळतो,’ असं अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारे लोकच बिनधास्त सांगतात. भूत नाही हे कबूल. पण हाडांत असतो तो कॅल्शियम फॉस्फेट. त्यातला प्रत्येक फॉस्फरसचा अणू आधीच चार ऑक्सिजनांनी वेढलेला असतो, त्याचं जळून झालेलं असतं. तो पुन्हा कसा पेटणार? खुळचट समजूत घालवायला दुसरी तशीच समजूत कशाला?

हाच चार ऑक्सिजनवाला फॉस्फेट डीएपीच्या पोत्यात असतो, आणि खरी गंमत तो आपल्या तांबड्या मातीत पडल्यावर सुरू होते. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात हजारो वर्षांच्या पावसाने खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका धुऊन नेलं. मागं राहिलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. मातीचा तांबडा-पिवळा रंग म्हणजे लोखंडाची ऑक्साइडं. या कणांच्या पृष्ठभागावर लोखंडाच्या प्रत्येक अणूला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी चिकटलेली असते. माती आम्लधर्मी असली की त्या जोडीला आणखी एक हायड्रोजन मिळतो आणि तिचं पाणी बनतं. पाण्याची पकड ढिली. नेमका तेव्हा फॉस्फेट जवळ येतो, त्या पाण्याला ढकलून देतो आणि स्वतःचा ऑक्सिजन थेट लोखंडाला जोडतो. अनेकदा एक नाही, दोन ऑक्सिजन, शेजारशेजारच्या दोन लोखंडांना. पोटॅशसारखे धनभारित आयन मातीला नुसत्या विद्युतभाराने चिकटतात, दुसरा आला की जागा सोडतात. फॉस्फेटचा हा खरा रासायनिक बंध असतो, आणि दोन्ही बंध एकाच वेळी तुटल्याशिवाय तो सुटत नाही. महिने जातात तसा तो कणांच्या बारीक छिद्रांतून आणखी आत शिरतो. मग मुळांनी त्याची आशा सोडलेलीच बरी.

गोकाक-अथणीकडच्या काळ्या रानात लोखंडाऐवजी कॅल्शियम हेच काम करतं. रीत वेगळी, परिणाम तोच.

शेणखताचं मोल इथं कळतं. शेणखतात स्वतःचा फॉस्फरस फार नसतो. पण ते कुजताना निघणारी सेंद्रिय आम्लं लोखंडावरच्या त्याच जागांवर आधी जाऊन बसतात, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी. उशिरा आलेला फॉस्फेट मग मोकळा राहतो. चुना टाकल्याने मातीचं आम्ल कमी होऊन पकड सैल होते. आणि खत शेतभर फेकण्यापेक्षा बियाण्याजवळ ओळीत दिलं तर थोड्याच मातीशी त्याची गाठ पडते. तेवढ्या मातीतल्या जागा भरल्या की उरलेलं मुळांना मिळतं.

हल्ली पोत्याच्या जागी नॅनो डीएपीच्या बाटलीचा गवगवा आहे. पानावर फवारलेलं मातीत अडकत नाही, हे खरं. पण हिशोब करा. खतातला फॉस्फरस ज्या मापात सांगतात त्या फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या मापाने 50 किलोच्या पोत्यात 23 किलो, अर्ध्या लिटरच्या बाटलीत 80 ग्रॅम. कण कितीही बारीक केले तरी 80 ग्रॅमचे 23 किलो होत नाहीत.

या सगळ्यात भात मात्र सुटतो. चिखलणी करून पाणी तुंबवलं की जमिनीतला ऑक्सिजन काही दिवसांत संपतो. तिथले जीवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनच्या जागी लोखंड वापरू लागतात, आणि त्यांनी दिलेले इलेक्ट्रॉन घेऊन न विरघळणारं फेरिक लोखंड विरघळणारं फेरस होतं. जिला फॉस्फेट चिकटला होता ती भिंतच विरघळते आणि तो पाण्यात मोकळा होतो. त्यामुळे शेजारच्या माळावर रताळी नाहीतर नाचणी फॉस्फरससाठी अडून बसलेली असताना खाचरातल्या भाताला तो मिळत असतो.

कापणीआधी बांध फोडला, हवा आत शिरली, की लोखंड पुन्हा फेरिक होतं. पण हे नवं ऑक्साइड ताजं, भुसभुशीत, भरपूर पृष्ठभागाचं असतं, आणि फॉस्फेटला जुन्यापेक्षा जास्त ओढून घेतं. भातामागं त्याच तांबड्या शेतात वाटाणा किंवा हरभरा टाकणाऱ्यांनी ‘भाताला दिलंय की’ म्हणून फॉस्फरस गाळू नये. थोडा द्यावा, पण ओळीत द्यावा. माती तपासायची तर नमुना भात निघाल्यावर, शेत वाळल्यावर घ्यावा, आणि फॉस्फरस मोजायला आम्ल मातीला ब्रे पद्धत, काळ्या मातीला ऑल्सेन पद्धत वापरतात ना, एवढं प्रयोगशाळेत विचारून घ्यावं.