रविवार सोडून उरलेले सहा दिवस: मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती घरांची पार्श्वभूमी

विश्वास रोजच्या जगण्यात कसा उतरवायचा हा विषय निघाला की हल्ली लगेच टिप्स सुरू होतात. सकाळी उठल्या उठल्या बायबल वाचा, शेजाऱ्याला माफ करा, ऑफिसात खोटं बोलू नका वगैरे. त्यात चुकीचं काही नाही, पण मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती लोकांपुढे हा प्रश्न असा गुळगुळीत होऊन कधी आलाच नव्हता. इथे तो आला तो थेट चुलीपाशी आणि पाण्याच्या हंड्यापाशी. कोण कोणाकडे जेवणार, बायको नवऱ्याकडे राहणार की माहेरी, पोरगं बापाचं की मिशनचं, असले प्रश्न. बाप्तिस्मा एका दिवसाचा असतो हो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा कोणाच्या घरी प्यायचा हे ठरवावंच लागतं.

मुंबईत ख्रिस्ती धर्म दोन धारांनी आला. आधी जुनी, कॅथलिक धार. १५३४च्या वसईच्या तहाने वसई, साष्टी, मुंबई हा पट्टा पोर्तुगीजांकडे गेला आणि फ्रान्सिस्कन, मग जेझुइट फादर आले. बांद्र्याचं सेंट अँड्र्यूज १५७५चं, माहीमचं सेंट मायकल त्याहून जुनं मानतात. कोळी, कुणबी, भंडारी, सामवेदी अशा इथल्याच लोकांनी धर्म घेतला, पण भाषा, शेती, होडी आणि लग्नातली गाणी तशीच राहिली. लग्नाच्या आधी बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणतात ते आजही गोराई, मनोरी, उत्तनकडे बघायला मिळतं. याच लोकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या जुबिलीच्या वर्षी, स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घ्यायला सुरुवात केली, कारण नोकऱ्यांमध्ये गोवेकर आणि मंगलोरकर कॅथलिकांपासून आपण वेगळे हे दाखवायचं होतं. म्हणजे त्यातही पोटापाण्याचाच हिशोब होता.

यांच्याकडे विश्वास आणि रोजचं जगणं वेगळं करायची वेळ फारशी आलीच नाही, कारण अख्खं गावच एका धर्माचं होतं. सगळ्यांनी मिळून धर्म घेतला की रोटीबेटीचा प्रश्न गावातल्या गावात सुटतो. खरी ओढाताण दुसऱ्या धारेत झाली, जिथे एकेकटा माणूस ख्रिस्ती व्हायचा.

ती प्रोटेस्टंट धार १८१३ची. फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नकोच होते, परत जा म्हणून हुकूमही निघाले, पण ते चिकटून राहिले आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. मग १८२९ला स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आले, त्यांच्या १८३२च्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज झालं. लोकांना शाळा हवी होती, इंग्रजी हवं होतं, बाप्तिस्मा मात्र नको होता, आणि खरं सांगायचं तर यात लोकांना दोष देण्यासारखं काही नाही, कारण बाप्तिस्मा घेतलेला पोरगा घरातून कायमचा जायचा. १८३९मध्ये विल्सनच्या शाळेतल्या पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा शहरात एवढा गदारोळ झाला की प्रकरण कोर्टात गेलं आणि आईबापांनी धडाधड मुलं शाळेतून काढली.

आता श्रीपत शेषाद्रीचं प्रकरण बघा, माझ्या मते आपल्या विषयाचं मूळ तिथे सापडतं. १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा एक वर्षांचा असेल, तोही मिशनरींच्या घरी राहायला गेला होता. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने पोरगं वडिलांच्या ताब्यात दिलं. इथवर एक कायद्याची केस. पण मग खरा पेच पडला, पोराचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता पण तो मिशनरींच्या घरी जेवला होता, मग आता त्याला जातीत घ्यायचं की नाही? ‘दर्पण’वाल्या बाळशास्त्री जांभेकरांनी बाजू घेतली की प्रायश्चित्त देऊन पोराला परत घ्या, आणि शहरातले सनातनी त्यांच्यावरच उलटले. एका पोराच्या जेवणावरून अख्खी मुंबई भांडली. तेव्हाच्या समाजाला काय श्रद्धा मनात आहे याचं फारसं पडलेलं नव्हतं, ताटात काय आणि कोणाच्या हातचं याला महत्त्व होतं. आणि नवख्रिस्ती माणसालाही हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्याच्यासाठी सगळ्यांसोबत एका पंगतीला बसणं हीच विश्वासाची सगळ्यात मोठी कबुली होती.

मग कायदे आले. १८५०च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही असं ठरलं. १८६६चा कायदा आणखी नाजूक जागी हात घालणारा, नवरा किंवा बायको ख्रिस्ती झाली आणि जोडीदार त्यामुळे नांदायला तयार नसेल तर कोर्टात जाऊन लग्न मोडता येईल, अशी सोय. मग १८७२चा ख्रिस्ती विवाह कायदा, तो अजून चालू आहे. कायद्याने जमिनीचा तुकडा मिळाला असेल पण आई दार उघडेल याची हमी कुठल्या कायद्यात लिहिणार?

या सगळ्यात पंडिता रमाबाईंनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. १८८३ला इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि ११ मार्च १८८९ला त्यांनी मुंबईत चौपाटीवर शारदासदन उघडलं, उच्चवर्णीय विधवा आणि मुलींसाठी. सल्लागारांत रानडे, भांडारकर अशी माणसं. अट अशी की मुलींना धर्म शिकवायचा नाही, ज्याने त्याने आपले आचार पाळावेत. रमाबाई स्वतः शाकाहारीच राहिल्या. पण त्या आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार बंद करायच्या नाहीत, आणि मुली आपणहून येऊन बसायच्या. सदन पुण्याला हलल्यावर याच गोष्टीवरून बोंब झाली आणि १८९३मध्ये सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले. यात कोणाचं बरोबर यावर आजही वाद घालता येईल, मला दोन्ही बाजू समजतात. पण दार उघडं ठेवून प्रार्थना करणं, ना कोणाला बोलवायचं ना कोणाला हाकलायचं, हे एवढं साधं वागणंसुद्धा तेव्हा पेलवलं नाही. बाय द वे, धोंडो केशव कर्व्यांशी १८९३मध्ये लग्न झालं त्या गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई, याच शारदासदनातल्या, आणि त्या हिंदूच राहिल्या.

कवी नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हे तर सगळ्यांना माहितीय, तरी या विषयात त्यांना टाळता येत नाही. १० फेब्रुवारी १८९५ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, बायकोला न सांगता. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत, पदरात लहान मुलगा, आणि लोक येऊन समाचाराला बसल्यासारखे बसायचे. काही वर्षं असंच ताटातूट, पत्रं, कविता. मग त्या नगरला राहायला आल्या, पण सोवळंओवळं सोडलेलं नाही, पाणी वेगळं, चूल वेगळी. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, आणि टिळक काही शांत स्वभावाचे नव्हते, चांगले तापट होते, म्हणून तर हे जास्त लक्षात राहतं. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला की जात देवाने केलेली नाही, माणसाने केलीय, आणि आधी कोणाच्याही हातचं खायला लागल्या, बाप्तिस्मा त्यानंतर, १९००मध्ये. क्रम नीट बघा, आधी जेवण मग बाप्तिस्मा. टिळकांचा क्रम नेमका उलटा होता. एकाच घरात दोन माणसं दोन वाटांनी एका जागी पोचली. १९१९ला टिळक मुंबईतच जे. जे. हॉस्पिटलमध्ये वारले, त्याच्या दोन वर्षं आधी त्यांनी मिशनचा पगार सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा मेळा काढला होता, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती.

आता जरा अडचणीचं बोलू. मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, आल्यावर जात गेली का? गेली नाही. नगर, जालना, औरंगाबादकडची दलित कुटुंबं दुष्काळांच्या काळात मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली आणि त्यातली खूपशी नंतर पोटासाठी मुंबईला आली, गिरणी, रेल्वे, म्युनिसिपालिटी, आणि बायका नर्सिंग आणि शाळांमध्ये. उपासनेला एका बाकावर बसायचं, प्रभुभोजनात भाकर आणि द्राक्षारस वाटून घ्यायचा, पण सोयरीक जुळवताना मात्र हळूच विचारायचं, मूळचे कुठले हो तुम्ही? हा प्रश्न अजून विचारतात, कृपया नाही म्हणू नका. त्यात १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ला शीख आणि १९९०ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे कितीतरी घरांत कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा. याला ढोंग म्हणणं सोपं आहे, पोरांची फी भरायची असली की कळतं.

तिकडे कॅथलिक वस्त्यांमध्ये रोजच्या विश्वासाला वेगळंच वळण लागलं ते प्लेगने. १८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग सापडला आणि शहर रिकामं व्हायला लागलं. माणसं मरत होती, गर्दी टाळायची होती, अशा वेळी लोकांनी आपापल्या वाडीत, पाखाडीत (म्हणजे वस्तीत), गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभारले. बांद्रा, गिरगावची खोताची वाडी, माझगावची माथारपाखाडी, कुठेही जा, जुन्या क्रुसांवर त्या वर्षांच्या तारखा सापडतात. विश्वास चर्चमधून निघून नाक्यावर आला म्हणा ना. साथ गेली तरी सवय राहिली. मे महिन्यात अजून संध्याकाळी क्रुसाला झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, रोजरी (जपमाळेची प्रार्थना), लादीन (एकाने म्हणायची आणि बाकीच्यांनी साथ द्यायची प्रार्थना), आणि संपल्यावर कागदाच्या पुड्यांत उकडलेले चणे. चणे घ्यायला शेजारची हिंदू, मुसलमान पोरंही येतात आणि कोणी विचारत नाही तू कोणाचा. प्लेगच्या पन्नासेक वर्षं आधी ताटावरून काय रामायण झालं होतं ते आठवलं की या पुडीचं मोल कळतं.

विसाव्या शतकाचं थोडक्यात सांगतो. ८ सप्टेंबर १९४८ला माहीमला बुधवारचा नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची नवसाची प्रार्थना, सुरू झाला आणि अजून तिथे सगळ्या धर्मांची माणसं रांग लावतात, नोकरी, मूल, घर, व्हिसा, सगळे नवस. १९६४च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल युकॅरिस्टिक काँग्रेस या कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी मुंबईत आले, त्याच सुमारास व्हॅटिकन परिषदेमुळे मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिन सोडून लोकांच्या भाषेत यायला लागली होती. मग १९८०च्या दशकात मुंबई आर्चडायोसिसने, म्हणजे इथल्या कॅथलिक धर्मप्रांताने, छोटे ख्रिस्ती समूह सुरू केले, एका बिल्डिंगीतली किंवा गल्लीतली दहावीस घरं, आळीपाळीने कोणाच्या तरी घरी जमायचं, शुभवर्तमान वाचायचं आणि मग वरच्या मजल्यावरच्या आजीला हॉस्पिटलला कोण नेणार ते ठरवायचं. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात हॉलमध्ये जागा नाही, सिरियलची वेळ, कोणाशी तरी पार्किंगवरून बोलणं बंद. पण ज्या बिल्डिंगीत हे चालतं तिथे खरंच चालतं. प्रोटेस्टंट मंडळ्यांत कॉटेज मीटिंग, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा, आधीपासून होत्याच.

राहिलं लग्नाचं. १८६९च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर छळ किंवा सोडून जाणं असलं काहीतरी सिद्ध करावं लागायचं. नुसता मार खाल्ला हे पुरेसं नव्हतं. शंभर वर्षांहून जास्त काळ ख्रिस्ती बायकांना हे सोसायला सांगितलं गेलं आणि वर ‘क्षमा कर’ हा उपदेश. रोजच्या जगण्यातल्या विश्वासाचा सगळ्यात वाईट वापर कुठे झाला असेल तर तो इथे, असं माझं स्पष्ट मत आहे. १९९७ला मुंबई उच्च न्यायालयाने ही भेदाची कलमं घटनाबाह्य ठरवली आणि २००१मध्ये संसदेने कायदाच बदलला, आता क्रूरता एकटी पुरते आणि परस्पर संमतीनेही घटस्फोट मिळतो. कॅथलिकांना मात्र चर्चमध्ये पुन्हा लग्न करायचं तर चर्चच्या न्यायमंडळाकडून पहिलं लग्न मुळातच वैध नव्हतं असं ठरवून घ्यावं लागतं, त्यामुळे एकाच मोडलेल्या संसाराच्या दोन फायली, एक फॅमिली कोर्टात आणि दुसरी चर्चमध्ये, आणि दोन्हीकडे तेच सगळं पहिल्यापासून सांगायचं.