कचऱ्याखाली गाडलेला लोहमार्ग

इंग्लंडच्या ससेक्समध्ये, ईस्ट ग्रिनस्टेड गावाच्या दक्षिणेला, इम्बरहॉर्न नावाचं कटिंग आहे. चढ टाळण्यासाठी जमीन खोदून काढलेली ही रुळांची वाट. १८८२ साली सुरू झालेल्या लुईस–ईस्ट ग्रिनस्टेड मार्गाच्या गाड्या त्यातून धावत. १९५८मध्ये मार्ग बंद झाला, रूळ उपटले गेले आणि पुढच्या काही वर्षांत या आयत्या खड्ड्यात घराघरांतला कचरा ओतला गेला. तो भरल्यावर वर चिकणमातीचा थर अंथरला.

मार्ग सहजासहजी मेला नव्हता. १९५५मध्ये गाड्या थांबल्या, तेव्हा मॅज बेसेमर या तिथल्याच रहिवासी बाईंनी जुना कायदा शोधून काढला: इथे रोज चार गाड्या चालवणं रेल्वेवर बंधनकारक होतं. पुढच्याच वर्षी गाड्या परत आल्या. ते कलम रद्द करून घेतल्यावरच रेल्वेला मार्ग बंद करता आला. त्या बाईंचा चिवटपणा मला या सगळ्या कहाणीचा पाया वाटतो.

१९६०मध्ये हौशी मंडळींनी याच मार्गाचा शेफील्ड पार्क स्थानकाकडचा तुकडा जगवला. हीच ब्लूबेल रेल्वे. सुरुवातीला तिच्या एका टोकाला, हॉर्स्टेड कीन्सला, देशाच्या मुख्य रेल्वेजाळ्यातल्या गाड्या येत. १९६३मध्ये तो फाटाही बंद पडला आणि ब्लूबेल बेटासारखी एकटी उरली. उत्तरेकडे सरकत ती १९९४मध्ये किंग्सकोटला पोचली. मुख्य जाळ्याला पुन्हा जोडून घेण्याची जागा, ईस्ट ग्रिनस्टेड, आता तीनेक किलोमीटरवर होती, पण वाटेत तो कचरा होता.

रुळांच्या रुंदीची अडचण नव्हती. आपल्या नेरळ–माथेरान गाडीचे रूळ ६१० मिलिमीटर अंतरावर आणि मुख्य मार्गाचे १६७६ मिलिमीटरवर, त्यामुळे नेरळला गाडी बदलावीच लागते. इथे दोन्हीकडे १४३५ मिलिमीटरच. मग कचरा दाबून त्यावरच खडी आणि रूळ का टाकले नाहीत?

कारण कचरा ही जमीन नव्हे. हवा न पोचणाऱ्या थरांत जिवाणू कागद, अन्न, लाकूड कुजवत राहतात. त्यातून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड निघतो, घन पदार्थ घटतो आणि ढीग खचतो. तोही सगळीकडे सारखा खचत नाही. जिथे भाजीपाला होता तिथे जास्त, जिथे विटा-राडारोडा होता तिथे कमी.

सगळा मार्ग एकसारखा चार इंच खाली गेला तर गाडीला फारसं कळणार नाही. धोका असतो तो पिळाचा, म्हणजे थोड्याच अंतरात एक रूळ दुसऱ्याच्या तुलनेत खाली जाण्याचा. चार पायांचं टेबल उंचसखल फरशीवर ठेवलं की एक पाय अधांतरी राहतो. वाघिणीच्या, म्हणजे मालडब्याच्या, चाकांचंही तसंच होतं. स्प्रिंग काही प्रमाणात सांभाळून घेते. त्यापलीकडे एका चाकावरचा भार इतका कमी होतो की वळणावरच्या बाजूच्या रेट्याने त्याची कड रुळावर चढते आणि गाडी घसरते. खडी कितीही ठोकून बसवली तरी खालचा कचरा कुजतच राहणार.

म्हणून तो उपसून काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मला सर्वांत भावते ती ब्लूबेलच्या मंडळींनी निवडलेली युक्ती. ईस्ट ग्रिनस्टेडकडून, कटिंगच्या अलीकडच्या दहा कमानींच्या पुलावरून, रूळ आधी आणले आणि राष्ट्रीय जाळ्याला जोडले. २०१०पासून वाघिणी भरभरून कचरा याच जोडणीवरून बाहेर गेला. ज्या सांध्यासाठी हा खटाटोप होता, त्यानेच पुढची वाट मोकळी केली. खर्चासाठी लोकांनी पाच-पाच पौंडांची वर्गणी दिली.

२३ मार्च २०१३ रोजी वाफेच्या इंजिनाची प्रवासी गाडी त्या कटिंगमधून ईस्ट ग्रिनस्टेडला पोचली. आज लंडनहून विजेच्या गाडीने येणारा प्रवासी तिथे उतरतो आणि काही पावलांवरच्या फलाटावर ब्लूबेलची गाडी पकडतो.