हत्तीच्या दोन गोष्टी: बालपुस्तकाचा विषय आणि आशयसूत्र

मुलांसाठी पुस्तके मागायला येणारे पालक हल्ली 'थीम' सांगतात. 'शाळेत या महिन्यात प्राणी ही थीम आहे', 'पावसाळ्याच्या थीमवरचे काही द्या', 'मैत्रीची थीम असलेले एखादे असेल का?' तिन्ही मागण्यांत शब्द एकच असला, तरी पहिल्या दोन मागण्यांत तो विषय या अर्थाने आलेला असतो आणि तिसरीत मागणाऱ्याला बहुधा त्यापलीकडचे काहीतरी हवे असते, ज्याला मराठी समीक्षेत आशयसूत्र म्हणतात. गोष्ट कशाची आहे, याचे उत्तर म्हणजे विषय. ती गोष्ट जगण्याविषयी काय म्हणते, याचे उत्तर म्हणजे आशयसूत्र. कागदावर हा फरक सोपा दिसतो. कपाटासमोर उभे राहिल्यावर मात्र दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि मग पाच वर्षांच्या मुलाच्या हाती असे पुस्तक पडते, ज्यातले चित्र त्याला हवे तेच असते आणि गोष्ट भलतीच निघते.

फरक नीट कळण्यासाठी पंचतंत्रातल्या हत्तीच्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, कारण त्यांची सुरुवात जवळजवळ सारखी आहे. पहिलीत अनेक वर्षे पाऊस पडत नाही, तळी आटतात आणि चतुर्दंत नावाच्या गजराजाचा तहानलेला कळप चंद्रसर नावाच्या सरोवराकडे येतो. काठावर सशांची बिळे असतात. कळपाच्या येण्याजाण्यात ती तुडवली जातात आणि पुष्कळ ससे मरतात. शेवटी एक ससा चंद्राचा दूत म्हणून हत्तीसमोर जातो, पाण्यात थरथरणारे चंद्रबिंब दाखवतो, चंद्र रागावला आहे असे सांगतो आणि हत्ती नमस्कार करून निघून जातो. दुसरी गोष्ट पंचतंत्राच्या काही पाठांत येते. तिथेही पाण्यासाठी निघालेले हत्ती आहेत आणि त्यांच्या पायांखाली चिरडली जाणारी लहान जनावरे आहेत, फक्त ससे नसून उंदीर. उंदीर मात्र युक्ती लढवत नाहीत. ते जाऊन विनंती करतात, हत्ती वाट बदलतात, आणि पुढे हेच हत्ती फासात अडकतात तेव्हा उंदीर येऊन दोर कुरतडतात.

विषयाच्या दृष्टीने दोन्ही पुस्तके एकाच खणात जातील: हत्ती, दुष्काळ, सरोवर, लहान प्राणी. आशयसूत्राच्या दृष्टीने ती एकमेकांपासून फार दूर आहेत. ज्याच्याशी बळाने लढता येत नाही त्याला भयाने परतवता येते, असे पहिली म्हणते. ज्याचे बळ मोठे आहे त्यालाही एक दिवस लहानाची गरज पडते, असे दुसरी म्हणते. दोन्हींत हत्ती दुष्ट नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. तो तहानलेला आहे आणि पायाखाली पाहत नाही, एवढेच. पण एका गोष्टीत त्याला फसवून घालवले जाते आणि दुसरीत त्याच्याशी बोलले जाते, आणि ऐकणाऱ्या मुलाच्या मनात राहते ते हेच.

रविवारी सकाळी मी आमच्या सोसायटीतल्या पहिली-दुसरीच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवते. त्यांच्यात बालवाडीच्या मोठ्या गटातला एक मुलगाही येऊन बसतो, ज्याला हत्तीखेरीज दुसरे काहीही चालत नाही. त्याच्यासाठी मी सशाची गोष्ट निवडली, कारण मुखपृष्ठावर पानभर हत्ती होता. बाकीची मुले सशाच्या चतुराईवर खूश झाली. हा मात्र पुस्तक मिटेपर्यंत गप्प होता आणि मग म्हणाला, "पण हत्तीला तहान लागली होती ना?" विषय त्याच्या आवडीचा होता आणि म्हणूनच तो हत्तीच्या बाजूने ऐकत होता, आशयसूत्र सशाच्या बाजूचे होते. निवडीत चूक माझी होती. पुढच्या रविवारी उंदरांची गोष्ट वाचली, ती त्याने लागोपाठ दोनदा वाचायला लावली.

पंचतंत्र मुळात आशयसूत्रानुसार रचलेले आहे, ही गंमत सहसा आपल्या लक्षात येत नाही. मित्रभेद, मित्रसंप्राप्ती, काकोलूकीय, लब्धप्रणाश आणि अपरीक्षितकारक या पाच तंत्रांपैकी चारांची नावे काय घडते ते सांगतात: मैत्री तुटते, मैत्री जुळते, मिळवलेले हातचे जाते, विचार न करता केलेले अंगाशी येते. काकोलूकीय हे एकच नाव कावळे आणि घुबडे या पात्रांवरून आले आहे, पण त्यातही विचार चालतो तो वैर आणि तह यांचा. सशाची गोष्ट या वैराच्या तंत्रात आहे आणि उंदरांची गोष्ट मैत्री जुळण्याच्या. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक संक्षिप्त आवृत्त्यांनी ही चौकट मोडून 'जंगलातल्या गोष्टी' किंवा 'प्राण्यांच्या गोष्टी' असा विषयवार संग्रह केला आहे. मुलांना ते सोयीचे आहे, पण निवड करणाऱ्या मोठ्यांच्या हातातली खूण त्यामुळे नाहीशी झाली.

ग्रंथालयाची व्यवस्थाही विषयाच्याच बाजूची आहे. ड्युई दशांश वर्गीकरणात, जे १८७६ साली प्रथम प्रसिद्ध झाले, हत्तीविषयीच्या माहितीपुस्तकाला ५९९.६७ च्या आसपासचा क्रमांक मिळतो आणि मराठी साहित्य ८९१.४६ खाली येते. पण 'लहानांनी मोठ्यांना वाट बदलायला लावली' अशा पुस्तकांना कोणताच क्रमांक नाही आणि तो असूही शकत नाही, कारण आशयसूत्र वाचल्यावर कळते आणि दोन वाचकांना थोडे वेगळेही कळू शकते. विषय मुखपृष्ठावर दिसतो. आशयसूत्रासाठी शेवटच्या पानापर्यंत जावे लागते, आणि बालवाडीचे पुस्तक बहुधा दहा मिनिटांत वाचून होत असल्यामुळे ते न वाचता देण्याला खरे तर सबब नाही.

ओळखण्याची एक साधी रीत आहे. विषय एका शब्दात सांगता येतो, आशयसूत्राला वाक्य लागते, कारण त्यात क्रियापद असते. 'पाऊस', 'आजी', 'शाळा' हे विषय आहेत हे कोणीही मान्य करील; घोळ होतो तो 'मैत्री', 'धाडस', 'पर्यावरण' या शब्दांपाशी. ते अमूर्त असल्यामुळे आशयसूत्रासारखे वाटतात, पण तेही विषयच आहेत. मैत्रीविषयी पुस्तक काय म्हणते, ते अजून सांगितलेलेच नाही. मित्राशी खोटे बोलल्यावर तो परत येतो, की येत नाही? नवा मित्र आल्यावर जुन्याचे काय होते? एका शाळेने पाठवलेल्या यादीत 'पर्यावरण' या शीर्षकाखालच्या सातही पुस्तकांत कोणीतरी झाड तोडायला निघतो आणि कोणीतरी त्याला अडवतो. चौथ्या पुस्तकापर्यंत मुले शेवटचे पान उलटण्याआधीच शेवट सांगू लागली. विषय एकच असायला हरकत नव्हती, पण त्या यादीत आशयसूत्रही एकच होते.

दुसरी कसोटी बदलून पाहण्याची आहे. चिऊ-काऊची गोष्ट घ्यावी: कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे घर मेणाचे, पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते आणि कावळा भिजत दारात उभा राहतो. इथे पक्ष्यांच्या जागी खार आणि घूस आणली तरी गोष्ट चालते. मेण आणि शेण मात्र काढता येत नाही (काढले तर यमकही जाते). म्हणजे गोष्ट पक्ष्यांची दिसली, तरी तिचा भार घर आणि दार यांवर आहे. आता शेवट पाहावा. चिऊताई बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते, निजवते आणि तेवढा वेळ कावळा बाहेर कुडकुडतो. पण त्यानंतर काय होते, हे सांगणाऱ्या आजीवर अवलंबून असते. कुठे चिमणी त्याला तापलेल्या तव्यावर बसवते आणि त्याचे पंख भाजतात, तर कुठे दार उघडते आणि दोघे चुलीशी शेकत बसतात. विषय तसूभर बदललेला नाही, आशयसूत्र पूर्ण उलटले आहे. म्हणूनच लोककथेचे सचित्र पुस्तक 'गोष्ट माहीत आहे' म्हणून उचलू नये. आपल्याला माहीत असतो तो बहुधा विषय.

हीच कसोटी माहितीपुस्तकाला लावली की ते लगेच वेगळे पडते. हत्तीच्या सोंडेत हाड नसते आणि हत्तिणीचे गर्भारपण सुमारे २२ महिन्यांचे असते, हे सांगणाऱ्या पुस्तकात हत्तीच्या जागी खार घालता येत नाही. अशा पुस्तकात आशयसूत्र शोधत बसू नये. तीन ते सहा वर्षांच्या पुष्कळ मुलांना तेच आणि तेवढेच हवे असते, आणि डायनासोर किंवा रेल्वे यांच्या नादी लागलेल्या मुलाला त्याच विषयाची वीस पुस्तके ओळीने दिली तरी बिघडत नाही. वाचनाची पातळी हा आणखी वेगळा मुद्दा आहे आणि तोही या दोहोंत मिसळला जातो. स्टोरीवीव्हरसारख्या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टींना एक ते चार अशा पातळ्या दिलेल्या असतात, त्या शब्दसंख्या आणि वाक्यांची घडण यांवरून. गोष्टीतले दुःख मुलाला पेलेल की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

बोध आणि आशयसूत्र यांचीही गल्लत होते. सशाच्या गोष्टीखाली 'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' असे छापलेले असते, तो बोध. लेखकाने किंवा प्रकाशकाने काढून हातात दिलेला. तो झाकून गोष्ट वाचावी, एवढेच पुरे.

घरात काही घडलेले असते तेव्हा निवडीचा प्रश्न खरा अवघड होतो. धाकटे भावंड येणार असेल तर पालक 'नवे बाळ' असलेले पुस्तक शोधतात, घर बदलायचे असेल तर ट्रक आणि खोक्यांचे. त्यात गैर काही नाही, पण माझा कल दुसरीकडे आहे. ज्या मुलाला आपली जागा गेली असे वाटते आहे, त्याला बाळाचेच चित्र असलेले पुस्तक दिले की त्याला कोपऱ्यात घेऊन समजूत घातल्यासारखे होते आणि मुलांना ते झटकन कळते. नवी छत्री आल्यावर खुंटीवरच राहिलेल्या आणि एका मुसळधार दिवशी पुन्हा बाहेर निघालेल्या जुन्या छत्रीची गोष्ट असेल, तर विषय त्याच्यापासून दूर असतो आणि आशयसूत्र जवळ. त्याला हवे तर तो स्वतःला त्या छत्रीत पाहील, नको असेल तर ती छत्रीच राहील.

याच्या उलट प्रकार माझ्या हातून झाला. 'पाळीव प्राणी' अशी चिठ्ठी लावलेल्या पेटीत मी कुत्रा, मांजर, पोपट यांच्या पुस्तकांबरोबर ब्राह्मणी आणि मुंगसाची गोष्ट ठेवली होती आणि एका रविवारी पहिलीच्या मुलांना तीच वाचली. पाळण्यातल्या बाळाकडे येणाऱ्या सापाला मुंगूस मारते, पाणी घेऊन परतलेली आई त्याचे रक्ताळलेले तोंड पाहते आणि घागर त्याच्यावर टाकते. पंचतंत्राने ही गोष्ट अपरीक्षितकारकात ठेवली आहे. ती मुंगूस पाळण्याची नाही, पाहिल्याबरोबर सगळे समजले असे वाटण्याची आहे, आणि तीही मोठ्या माणसाला. एका मुलीने विचारले, "त्याला सांगता येत नव्हतं का?" मी नाही म्हटले. मग तिने विचारले, "आणि आईला विचारता येत नव्हतं?" ते पुस्तक अजून आमच्याकडे आहे, पण त्या पेटीत नाही, चौथी-पाचवीच्या खणात आहे.